पाताळाच्या दारातली म्हातारी

अप्पा, तुमच्या पेटीला आज ऊन दाखवलं. मांजरपाटात गुंडाळलेलं ते पुस्तक अजून तसंच आहे, वाळवीसुद्धा लागलेली नाही. लागली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून म्हातारी आहे, आणि तरी तुमच्यावरचा माझा राग काही म्हातारा होत नाही. म्हटलं, एकदा लिहून तरी टाकू.

आपलं कापडाचं दुकान पुढं आणि घर मागं. बाजाराचा दिवस सोडला तर दुपारच्याला आष्टीत गिऱ्हाईक ते कुठलं? मग तुम्ही करदोट्याची किल्ली काढून पेटी उघडायचात, पुस्तक मांडीवर घ्यायचात, आणि ओट्यावरचा शिंपी मशीन थांबवायचा. बघता बघता दहा-पंधरा माणसं जमायची. राजाच्या न्हाव्याला कुणी सिद्धपुरुष लेप देतो, तो अंगाला लावला की न्हावी दिसेनासा होतो, पण मिशी तेवढी काही केल्या जात नाही. राजवाडाभर नुसती मिशी हिंडते आणि प्रधान तिला मुजरे करतो. माणसं पोट धरधरून हसायची. आणि सगळ्यांची लाडकी ती राक्षसीण, पाताळाच्या दारात चूल मांडून भाकरी थापणारी म्हातारी. अख्ख्या त्रिभुवनात न्हावी फक्त तिला दिसतो. तुम्ही आवाज बदलून म्हणायचात, ‘‘कावून रे मिशीवाल्या, पोटात काय हाय का न्हाई? बस हितं. उपाशी मानूस मला लांबून दिसतो.’’ ते प्रकरण आलं की तुम्ही चष्मा काढून ठेवायचात. आम्हाला वाटायचं, पाठच आहे, चष्मा कशाला लागतोय.

पुस्तकाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. पानं जीर्ण आहेत, म्हणायचात. वाचायला मला तुम्हीच शिकवलंत, पाटी-पेन्सिल तुम्हीच आणून दिलीत, आणि वाचण्यासारखं जे एकच पुस्तक घरात होतं ते कुलपात. मी दाराआडून, भाकरी थापता थापता ऐकायची. शिरूरला दिलेली मी, नवऱ्यानं दुसरी केली आणि बाविसाव्या वर्षी परत तुमच्या चुलीपुढं येऊन बसले. त्याबद्दल तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. लोक म्हणायचे, बाप किती समजूतदार. पण अप्पा, तुम्ही कशाबद्दलच बोलत नव्हता. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, त्यानंतर तुम्ही तिचं नाव काढलं नाहीत, आणि मी काढलं तर ताटावरून उठायचात.

मग बाजारतळावर बायस्कोपचा तंबू आला. मधे कनात, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. चित्रं मुकी, मधेमधे पडद्यावर येणारी अक्षरांची पाटी वाचून गोष्ट सांगणारा माणूस पुरुषांकडे उभा राहायचा, त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा नाही. पहिल्या दिवशी मी शेजारणीला हळूच पाटी वाचून दाखवली, तर मागून आवाज, ‘‘अगं, मोठ्यानं सांग की, आमी काय फुकट आलोय व्हय?’’ दुसऱ्या दिवसापासून तंबूवाल्याच्या बायकोनं मला त्या कामावरच ठेवलं. पाटी आली की वाचायची, पाटी नसेल तिथं आपल्या मनानं सांगायचं. मला ते जमलं. अहो, नुसतं जमलं नाही, बायका माझा आवाज ऐकायला येऊ लागल्या! तंबूवाली म्हणाली, ‘‘इथून बीड, मग जालना. चल आमच्याबरोबर, माझ्याजवळच राहशील.’’ तुम्हाला विचारलं तर तुम्ही ‘बघू’ म्हणालात. तुमच्या तोंडून ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार. मी दोन लुगडी बोचक्यात बांधून ठेवली.

निघायच्या आधीच्या शेवटच्या खेळाची दवंडी पिटली, आणि खेळ कुठला, तर मिशीवाल्या न्हाव्याचा! आपल्या पुस्तकावरचा! गावाला नुसतं उधाण आलं. मिशी अधांतरी कशी दाखवणार यावर ओट्यावर पैजा लागल्या. शिंपी म्हणाला, म्हातारीचं सोंग कुणी घेतलंय तेवढंच मला बघायचंय, बाकी तुमचं तुम्ही बघा. तुम्ही धुवट धोतर नेसलात, नवा रुमाल बांधलात. लग्नाला निघाल्यासारखे गेलात.

दिवेलागण झाली तशी चित्राला सुरुवात झाली. मिशी खरोखर हवेत तरंगली तेव्हा पुरुषांकडे असा काही गलका झाला की तंबूचे खांब हलले. न्हावी पाताळाच्या दाराशी आला. दारात चूल नाही, म्हातारी नाही. हातात गदा घेतलेला एक जाडा पहारेकरी उभा. आमच्याकडे बायका हसत होत्या, आणि कनातीपलीकडून तुमचा आवाज आला, ‘‘म्हातारी कुठं हाय?’’ एकदाच नाही, तीनदा. मग शिंपी ओरडला, मग सगळेच. तंबूवाला हात जोडून सांगतोय, चित्र पुस्तकाबरहुकूम आहे हो, म्हातारी पुस्तकात नाहीच. तुम्ही म्हणालात, ‘‘मला शिकवतो का बे? पुस्तक माझ्या घरात हाय. छापलेली हाय म्हातारी, छापलेली!’’ त्यानं म्हटलं, आणून दाखवा. तुम्ही म्हणालात, ‘‘माझा सबूद पुरं न्हाई का?’’ तेवढ्यावर कुणी बाक मोडला, कुणी पडद्यावर दगड भिरकावला. पडदा टराटरा फाटला.

त्या गोंधळात तंबूवालीनं माझा दंड धरला. ‘‘तू घरातली. खरं सांग, आहे का ती म्हातारी पुस्तकात?’’ मी म्हटलं, ‘‘आहे. अप्पा खोटं बोलत नाहीत.’’ तिनं माझा दंड सोडून दिला. सकाळी तळावर खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. मी बोचकं घेऊन गेले होते, अप्पा. आपल्याच नवऱ्याला लबाड ठरवणारी पोर कोण कशाला बरोबर नेईल? घरी येऊन मी रडले, तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. ‘‘पुस्तकाची चोरी करणाऱ्यांच्या मागं हिंडणार व्हतीस? लाज वाटू दे.’’

त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही गेलात. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मी चुलीपुढं बसून पेटी उघडली. एका बैठकीत पुस्तक वाचून काढलं. पाताळाचं दार आलं. दारात गदा घेतलेला जाडा पहारेकरी. पुढची पानं चाळली, मागची चाळली, फाटकं पान शोधलं, शिवण उसवून पाहिली. चूल नाही. भाकरी नाही. म्हातारी नाही. पानंही कुठं जीर्ण नव्हती, चांगली धड होती. तंबूवाला खरं बोलत होता आणि त्याचा पडदा फाटला. मी तुमच्या शब्दाची जामीन राहिले आणि माझं जाणं हुकलं. आणि तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. लाज वाटू दे, म्हणे!

एवढंच असतं तरी मी तुम्हाला माफ केलं असतं. दुकानात बसून माणसं गोष्टीत पदरचं घालतातच. पण मग मला ते वाक्य नीट ऐकू आलं. नगरच्या वाटेनं उन्हातान्हाचा माणूस आला की आई चुलीवरूनच हाक मारायची, ‘‘बस हितं, उपाशी मानूस मला लांबून दिसतो.’’ मी नऊ वर्षांची होते, विसरून गेले होते. तुम्ही विसरला नव्हता. छापील पुस्तकातली राक्षसीण आष्टीचं बोलते कशी, हे पंधरा माणसांत एकालाही कधी खटकलं नाही, मलाही नाही. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही बाजारातल्या परक्या माणसांत माझी आई वाटून टाकत होतात, आणि मी दाराच्या आड पिठाचे हात घेऊन तिलाच ऐकून हसत होते. एकदा आत येऊन सांगायचं होतं, ही तुझी आई आहे. तंबूत तिच्यासाठी उभे राहिलात, सगळ्या गावाला पेटवलंत. माझ्यासाठी कधी उभे राहिला नाहीत.

आता माझं. त्या दिवशी पाताळाच्या दारात पहारेकरी दिसला तेव्हा मीही दचकले होते. पण माझ्यापुढं दीडशे बाया तोंडाकडं बघत होत्या. मी म्हटलं, ‘‘फसू नका गं, हे म्हातारीनंच सोंग घेतलंय,’’ आणि गदा हलेल तशी तिची वाक्यं म्हणत गेले. मिशीवाल्याला बसवलं, भाकरी वाढली. त्या हसत होत्या त्या यालाच. दुसऱ्या दिवशी बायका घरोघर सांगत होत्या की म्हातारी होती, चांगली होती, आमी ऐकली. त्यावर शिंपी म्हणाला, बायकांना काय कळतंय, आणि तुम्ही मान डोलावलीत. त्यानंतर चार वर्षं तुम्ही ते पुस्तक वाचलं नाहीत. जेवता जेवता मधेच थांबून म्हणायचात, ‘‘तिला गाळलीच त्यांनी.’’ समोर वाढायला मीच असायचे. ती होती, अप्पा, कनातीच्या अलीकडे मी तिला बोलती केली होती, एवढं एक वाक्य सांगायला मला काही लागत नव्हतं.

हा कागद पहारेकऱ्याच्या पानात घालून पेटीला कुलूप लावते आहे. तुम्हाला सांगायचं ते वाक्य मी विसरले नव्हते. तुम्ही ताटावर कष्टी व्हायचात, ते मला बघायचं होतं.