दीप्तीचा स्फटिक आणि माझा आवाज

१ डिसेंबर, सकाळी ७
दीप्तीचा फोन. माझी विद्यार्थिनी! अकरावीत तिला प्रकाश मीच शिकवला, कविता म्हणत म्हणत. काय दिवस होते! आता ती स्फटिकात होलोग्राम कोरते. दोन लेझर किरण स्फटिकात भेटतात, उजेड-अंधाराच्या अतिबारीक रेघा आत उमटतात. मग तो स्फटिक सूर्याच्या सगळ्या उजेडातून नेमका एकच लाल रंग वेगळा काढतो. असा फिल्टर कॉलेजच्या सूर्यदुर्बिणीसाठी ती इथेच, आमच्या जुन्या डार्करूममध्ये बनवणार. उद्घाटनाला तो 'माझ्या गुरूंना' अर्पण करणार म्हणाली. नाव सांगितलं नाही. गरजच काय?
संकल्प : भाषण पाच मिनिटं. कविता एक.

३ डिसेंबर
भाषण बावीस मिनिटं. कविता चार. कापायला काहीच नाही.

४ डिसेंबर
दीप्तीने माझ्याआधी मारोतरावांना फोन केला म्हणे. मारोतराव म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. तीस वर्षं मी फळ्यावर किरण काढले, त्यांनी भिंगं पुसली. मला हेवा वगैरे नाही. सहज विचारलं, तर म्हणाले, डार्करूममधलं कोनतं टेबल हालते, थे मलेच ठाऊक हाय न सर, म्हणून.
टेबल! गुरूपेक्षा टेबल मोठं.

७ डिसेंबर
होलोग्राम उमटायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर बोलायचं नाही, चालायचं नाही. आवाजानेही रेघा थरथरतात आणि पुसट होतात. दीप्तीने मदतीला आत मारोतरावांना घेतलं, मला व्हरांड्यात खुर्ची दिली. का, तर त्यांचे वडील उमरेडला मागावर बसायचे, धागा न हलवता बसणं त्यांच्या रक्तात आहे. माझ्या रक्तात काय आहे, कुणी विचारलं नाही.
मी हट्टाने आत गेलो. संकल्प : संपूर्ण मौन.
वीस मिनिटं उत्तम. मग अंधारात लेझरचा तो हिरवा किरण पाहून सातवीच्या पुस्तकातली सूर्याची कविता आठवली. मनातल्या मनातच म्हटली. ओठ हलले असतील. चाल थोडी लागली असेल. ध्रुवपद दोनदा.
होलोग्राम बिघडला. माझ्या मते रस्त्यावरचे ट्रक. मारोतराव मात्र माझ्याकडे बघत होते.

८ डिसेंबर
पुन्हा प्रयत्न. मी व्हरांड्यात. मारोतराव आत, पुतळ्यासारखे. जमलं म्हणे. उजेडाने रेघा पुसू नयेत म्हणून स्फटिक ओव्हनमध्ये तापवला. दीप्तीने मारोतरावांना स्वतःच्या हाताने चहा दिला. मी म्हटलं, मला नको. तसं मला कुणी विचारलं नव्हतं.
घरी जेवलो नाही. बायको, कौसल्या, म्हणाली, त्याईले चहा भेटला म्हणून तुमी उपाशी राह्यता काय जी?
अ‍ॅसिडिटी आहे, असं सांगितलं.

१४ डिसेंबर, दुपारी ३
उद्घाटन झालं. दीप्ती माइकवर म्हणाली, 'माझे गुरू...' आणि मी उठलो. कागद हातात, मंचाच्या पायरीपर्यंत पोचलो. ती पुढे म्हणाली, सरांच्या तासाला कविता खूप रंगायच्या, त्यामुळे प्रकाशाचा धडा राहूनच गेला. मग मी लॅबमध्ये जायची. मारोतराव भिंतीवर लाल रंग पाडायचे आणि म्हणायचे, हालू नको वं पोरी, रंग पाह्य. हा फिल्टर त्यांचा.
मी पायरीवरची सतरंजी सारखी केली. ती सारखीच होती.
नंतर दुर्बिणीची रांग. माझी पाळी आली तर काहीच दिसेना. फिल्टर बिघडलेला आहे, असं मी जाहीर करणार, तोच मारोतराव कानाशी म्हणाले, हालू नका सर, मंग दिसते.
हललो नाही. लालबुंद सूर्य, आणि कडेला ज्वाळेची एक बारीक कमान. चारही कवितांत असलं काही नव्हतं. किती वेळ उभा होतो कोण जाणे. मागची रांग कुरकुरायला लागली.
मारोतराव म्हणाले, बोला न सर आता, माइक चालूच हाय.
कागद खिशातच राहिला.
घरी कौसल्याने विचारलं, भाषन झालं काय जी?
नाही म्हटलं.
म्हणाली, मंग कार्यक्रम चांगलाच झाला असन.