शेपटीला लाल फडकं

५ जानेवारी २००२, मूल
ठरलं. चंद्रपूरच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा जलचक्र नाही. थाय-एसचं मॉडेल नेणार. हे जिवाणूतलं प्रथिन. जिवाणूकडे युबिक्विटिन हे प्रथिन नाही, तरी याची घडी हुबेहूब आपल्या पेशीतल्या युबिक्विटिनसारखी! वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. शिवाय याच्याच जोरावर जिवाणू बी-१ जीवनसत्त्व बनवतो, जे आमच्या राईस मिला तांदूळ पांढरा करताना कोंड्यात घालवतात. पहिलं बक्षीस आपलंच.

प्राचार्य बापूराव म्हणाले, अयूबभाऊ, यंदा बक्षीस नाई आलं तं तुमचं विज्ञान मंडळ अंकुशकडे. अंकुश! कालचं पोरगं. ब्युरेट धरायला मी शिकवलं त्याला, आता इथेच शिकवतो. मंजूर म्हणालो.

१० जानेवारी
बांबूच्या कामट्यांच्या पट्ट्या, मध्ये तारेचं वेटोळं, घडीबाहेर शेपटी. शेपटीच्या टोकाला ग्लायसीन या अमिनो आम्लाचे दोन मणी. तिथेच गंधक बसतं. त्याआधी मात्र थाय-एफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने शेपटी धरून तयार करावी लागते. अंकुश म्हणतो, सर, थाय-एफ मले बनवू द्या. आला श्रेय लाटायला! साफ नाही म्हणालो. माझं प्रथिन एकटं समर्थ आहे.

निशात म्हणते, शेपटी कापा, ओढणी अडकते. बायकोला रचना कळत नाही. शेपटी हातभर वाढवली.

१८ जानेवारी
मॉडेल एसटीत मावेना. कंडक्टरशी भांडलो. शेवटी मेहुण्याच्या, अकरमच्या टेम्पोत. शेपटी मागून बाहेर. अकरम म्हणे, दुल्हेभाई, बांबू गाडीबाहेर निघाला का लाल फडकं बांधाच लागते, नाई तं पोलीस पकडते. प्रथिनाला फडकं! पण नाक्यावर तमाशा नको. चंद्रपुरात सोडू.

१९ जानेवारी, चंद्रपूर
गाठ सुटली नाही. राहू दे. लाल रंग उठून दिसतो.

परीक्षक बाईंना घडी समजावली. त्यांचं लक्ष शेपटीवरच. विचारलं, इथी काय जोडता? थाय-एफ ओठांवर आलं, गिळलं. म्हणालो, काही नाही, शेपटी अशीच बाहेर राहते. बाई खूश. म्हणाल्या, अपघात यानंच होते. अभ्यासू बाई. बोलण्यात खोल अर्थ असणार.

२० जानेवारी
उत्तेजनार्थ बक्षीस! छाती फुगली. मग पुढचं ऐकू आलं: विभाग रस्ता सुरक्षा, विषय वाहनाबाहेर आलेला बांबू. परत करणार होतो. पण बक्षीस ते बक्षीस. बापूरावांनी विभाग कुठे सांगितला होता?

२२ जानेवारी, मूल
बापूराव शब्दाचे पक्के निघाले. बक्षीस आलं म्हणून मंडळ दिलं. रस्ता सुरक्षा मंडळ. विज्ञान अंकुशकडे. हा जिवाणूंचा अपमान आहे, असं ठणकावून सांगितलं. मंडळासोबत दिलेली शिट्टी त्यांच्या टेबलावर आपटली. घरी येऊन फडकं कात्रीने कापलं, खिशात कोंबलं. फार वाईट वाटलं. निशातने विचारलं तर डोळ्यांत कोंडा गेला म्हणालो.

२३ जानेवारी, सकाळ
कॉलेजच्या गेटवर उभा. फक्त आजच्या दिवस. टेबलावरून परत आणलेली शिट्टी बरी वाजते.

अंकुश सायकलवर आला. कॅरिअरला काहीतरी बांधलेलं, हातभर बाहेर. म्हणाला, सर, थाय-एफ बनवून आणलं, तुमच्या शेपटीले जोडून पाहू का?

जोरात शिट्टी मारली. सायकलवरून उतरवलं. नियम म्हणजे नियम. खिशातलं फडकं काढून त्याच्या थाय-एफला बांधलं.