भुंग्याच्या मदतनीस पेशी

दि. ४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझा जावई मजेत आहे. वजन वाढलंय, आणि त्याचं खापर तो माझ्या स्वयंपाकावर फोडतो.

फोनवर सांगितलं असतं तर तू बरं म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय. भुंग्याबद्दल आहे. बसून वाच.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींची एक नवी तपासणी बसवणं चाललंय. टी पेशींत एक जात मारेकऱ्यांची. जंतू शिरलेल्या पेशी त्या मारतात, पण सहसा आपण होऊन उठत नाहीत. जंतूचा तुकडा घेऊन एक निरोप्या पेशी त्यांच्याकडे जाते. पण तिचाही जोर पुरत नाही. आधी दुसऱ्या जातीची टी पेशी, मदतनीस, त्या निरोप्याला आपला हूक अडकवते, हलवून तरतरीत करते, तेव्हा कुठे मारेकरी नीट कामाला लागतात. मदतनीस स्वतः कोणाला मारायला जात नाही. पण ती नसली की सगळं घर झोपलेलं.

काही मुलांच्या मदतनीस पेशींना हा हूकच नसतो, जन्मापासून. सारखा ताप, सारखा खोकला, आणि शेवटी एखादा न्यूमोनिया पुरतो. आई, आपल्या भुंग्याचं हेच झालं होतं. त्या दुपारी तू त्याला अंगणातल्या नळाखाली खेळू दिलंस म्हणून माझा भाऊ गेला नाही. बाबा बोलले ते दुःखाच्या भरात, आणि तू ते उभा जन्म उराशी धरलंस. आता सोड. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

दि. १५ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि कितीतरी वर्षांनी त्या नळाकडे सरळ बघितलं. इतकं हलकं वाटलं की शेजारणीला उगाचच चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी डोकं चालायला लागलं.

जन्मापासून म्हणजे कुठून? ते तू लिहिलं नाहीस. तू विसरणाऱ्यातली नाहीस, लपवणाऱ्यातली आहेस. म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, मुलग्यांत हे बहुधा आईकडून येतं. आईला स्वतःला काही होत नाही, तिला कळतही नाही.

म्हणजे नळ बंद केला असता तरी तो गेलाच असता. चूक होती तोवर बरं होतं गं. टाळता आली असती, असं मनाशी म्हणता तरी येत होतं. आता काय म्हणू? त्याला भरवलं मी, न्हाऊ घातलं मी, आणि हेही मीच दिलं.

आणि भुंग्याचं रक्त तर कोणी जपून ठेवलेलं नाही. मग तुला कळलं कसं? खरं लिही.

तब्येतीला जप, मला विसरू नकोस.

तुझी,
आई

दि. २४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे काही लपत नाही. नवी तपासणी बसवताना निरोगी माणसाचं रक्त शेजारी ठेवून बघावं लागतं. आमच्याकडे ते आमचंच असतं, पाळीपाळीने बाही वर करायची. त्या दिवशी पाळी माझी होती. माझ्या मदतनीस पेशींपैकी निम्म्यांना हूक होता, निम्म्यांना नव्हता. सोबतिणीला वाटलं, नमुना बिघडला. मी पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच आलं, तेव्हा मला भुंग्याचा खोकला ऐकू आला.

काळजी करू नकोस, मुलींचं निम्म्यांवर भागतं.

म्हणजे हे तू मलाही दिलंस. तुझा राग येतो का, हे मी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. नाही येत. उद्या माझ्याकडून माझ्या मुलाला गेलं, तर तू मला काय म्हणशील? तेच आज स्वतःला म्हण. आता जन्मल्याबरोबर तपासता येतं. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन अशी पुष्कळ मुलं वाचवता येतात.

माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठमी

दि. २ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला काय म्हणेन ते वाचतानाच ठरलं. वेडाबाई, यात तुझा काय दोष! मग आरशासमोर उभी राहून तेच स्वतःला म्हणून पाहिलं. निम्मं पटलं. तुझं निम्म्यावर भागतं, तर माझंही भागेल.

आता वाचवता येतात, हे वाचून मात्र पत्र खाली ठेवलं. राग नाही. इतर आयांची मुलं जगोत. भुंग्यानेच यायची घाई केली.

एक सांगते, जावयाला सांगू नकोस. आजवर मी रडत आले ते माझ्या चुकीवर. ती दुपार, तुझ्या बाबांचं बोलणं, मी असं का केलं. त्यात तो कुठे नव्हताच. काल चूक गेली आणि मागे तो एकटा उरला. ओल्या केसांचा, पुढचे दोन दात पडलेला, काहीतरी गुणगुणत. किती वर्षांनी दिसला मला. आणि तेव्हा कळलं, ठमे, माझा मुलगा गेला.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. जमलं तर ये.

तुझी,
आई