कारखान्याच्या दाराबाबत माझ्या माघारी करायची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, शिवणयंत्रांचा कारागीर आणि या गल्लीतल्या शिवण कारखान्याचा मालक, हा कागद स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर राहून करत आहे. डॉक्टरांनी तपासले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सूनबाईने आज दोनदा चहा दिला, तो दबाव धरू नये. नजर अधू झाली, पण कान शाबूत आहेत. जिन्यात माझ्याबद्दल जे बोलले जाते ते वर ऐकू येते, आणि वाटणी करताना तेही विचारात घेतले आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा आणि सूनबाई यांना निम्मी-निम्मी. कागदोपत्री सूनबाईचे नाव आधी घालावे.

२. हत्यारे. माझा मोठा पेचकस इस्त्रीवाल्याने नेला, तो आणलाच नाही. विचारले की म्हणतो, "अहो काका, आत्ता तर इथं ठेवला होता!" उरलेले पाने-पकडीही त्यालाच द्यावेत, म्हणजे संच तरी एका घरात नांदेल.

३. जुना मुकादम. कारखान्याला आग लागली तेव्हा बाहेरच्या कुलपाची किल्ली याच्या खिशात होती आणि हा दाढी करायला गेला होता. बायका कामातून उठून बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप. सगळ्या गल्लीची तीच रीत होती. आत माझी बायको होती. मी समोरच्या कारखान्यात एक यंत्र उघडून बसलो होतो. पलीकडची यंत्रे एकामागून एक बंद पडत गेली, ती ऐकली. लोक विचारत, तेव्हा काय वाटले? काही वाटले नाही. अजूनही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ते उघडलेले यंत्र जोडून दिले. मुकादम मला शेवटचे पाहायला आला तर येऊ द्यावे. खुर्ची देऊ नये.

४. आता कारखाना. तेव्हाच्या मालकाने जळके दार काढून नवे बसवले, कुलूपही नवे. काजे करणारी बाई, जिला गल्ली ताई म्हणते, त्याला म्हणाली, "कुलूप घालायचं तर तुम्हीही आत बसा."

"पटत नसेल तर निघून जा."

"जाणार कशा? दार बंद असतं ना!"

हसले सगळे, मालकसुद्धा. कुलूप मात्र राहिले. मग एका सकाळी ताईने सुताराकडून पहार आणली आणि बायकांनी दार बिजागऱ्यांवरून उचलून काढले. काढल्यावर ते ठेवायचे कुठे, याचा विचारच कोणी केला नव्हता. वाटेत अडचण नको म्हणून दोन लाकडी घोड्यांवर आडवे टाकले आणि त्यावरच कापड पसरून कापणी सुरू केली. मालक माणसे घेऊन दार बसवायला आला, तर त्याच्याच घाईच्या मालावर खडूच्या रेघा पडलेल्या. म्हणाला, "राहू द्या, आधी माल निघू दे." मग रोज तेच: सकाळी दार काढायचे, संध्याकाळी बसवायचे. शेजारच्या कारखान्याने पाहिले, त्यांनी केले. मग रंगाऱ्यांनी. हंगाम संपेपर्यंत गल्लीत दिवसा एकही दार जागेवर नव्हते. कायदा त्यानंतर आला. त्यावर भाषण करणारे मात्र वेळेवर हजर होते. मी त्यात काय केले? बिजागऱ्यांना तेल घालत होतो. पुढे मालक थकला आणि कारखाना मी घेतला.

५. चालू महिन्यात मुलाने दाराला बोट लावून उघडायचे कुलूप बसवले. बोट फक्त त्याचे चालते.

मी विचारले, "हे कशाला?"

"बाबा, माल बाहेर जातो."

"आग लागली तर?"

"आपोआप उघडतं."

"आणि वीज गेली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

हा माझाच मुलगा. आई कशी गेली ते त्याला माहीत आहे. चांगला आहे, कष्टाळू आहे, हिशेबाला माझ्याहून तेज आहे. त्याचा राग येत नाही. काहीच येत नाही. पण ऐकले ते ऐकले.

६. म्हणून कारखाना, जागेसह आणि यंत्रांसह, माझ्या पश्चात तिथे काम करणाऱ्या सर्वांच्या सामाईक मालकीचा होईल. अंमलबजावणी ताई करील. मुलाला तिथे काम करायचे असल्यास बाकीच्यांइतकाच वाटा. तोपर्यंत मालक मी आहे, आणि ते कुलूप उद्या उतरवायला सांगितले आहे.

७. वरील मजकूर मुलाला समोर बसवून वाचून दाखवला. तो म्हणाला, "मी कोर्टात जाईन." मी म्हणालो, "जा. पण आधी इथं लिही." त्याने लिहिले ते खाली आहे. कोणी ते खोडू नये, झाकू नये, कागदाची नक्कल करताना गाळू नये. त्याला गप्प बसवून ही वाटणी मला करायची नाही.

"मला हे मान्य नाही. बाबा शुद्धीवर आहेत. — मुलगा"

ठिकाण : कारखाना, यंत्रे चालू असताना
दिनांक : पगाराचा शनिवार

सही : यंत्रवाले काका

आमच्यादेखत सही केली, आम्ही एकमेकांदेखत केली :
१. गल्लीतले डॉक्टर
२. सुतार (अंगठा, हाताला पट्टी आहे, लिहिता येते)