कैलासकाकांचं नाक

वर्धा,
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. कैलासकाकांस,
सुरभीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही तो काकूच्या हातात देता आणि व्हिडिओ कॉल तर लागायच्या आत कापता. म्हणून हा कागद. हा तुम्हालाच वाचावा लागेल, कारण काकूला माझं अक्षर लागत नाही.

बाबा परवा पुलगावहून आले होते. तुम्ही मयुरीला पहिल्या बाळंतपणासाठी हिंगणीला येऊ नको, आर्वीलाच सासरी राहा, असं कळवलंत म्हणे. स्वतःच्या लेकीला! उन्हाळ्यात अस्वलानं तुमचं नाक नेलं, त्यापायी तिचं माहेर कशाला जावं? मला फार राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

मी इथे मॅडमकडे नकली कान-नाक घडवायला शिकतेय, हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी ओली माती, दुपारी कॉम्प्युटरमधली. दोन्हीकडे अजून ढ. तरी मयुरीच्या लग्नातल्या फोटोवरून कॉम्प्युटरवर तुमचं नाक केलंय, त्याचा प्लॅस्टिकचा नमुना सोबत आहे. लावायचा नाही, नुसता बघायचा. जानेवारीत बाळ येईल, त्याआधी खरं नाक करू. पण तुम्हाला इथे यावं लागेल.

काकूला नमस्कार. राग गेला तरी माया राहीलच.
सुरभी

हिंगणी,
१२ नोव्हेंबर

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

नमुना पोचला. तुझ्या काकूनं हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, की हे कोनाचं हाय म्हणून. लहानपणी बैलानं मान झटकली, तेव्हापासून माझं नाक डावीकडे कललेलं होतं. तू पाठवलेलं दोन्ही बाजूंनी सारखं, कॅलेंडरवरच्या देवाला शोभावं असं. ते लावून मी वखर हाकू का?

घरात जीव थांबत नाही पोरी. शेतात जातो ते तोंडाला दुपट्टा बांधून, आणि कोणी येताना दिसलं की कापसाच्या पऱ्हाटीत शिरतो. बाजाराचा दिवस आला की पाय आपोआप वहाणा शोधतात, मग मीच दार लावून घेतो. दवाखान्यातून आलो त्या दिवशी शेजारचं लेकरू मला पाहून किंचाळत आईच्या पदरात शिरलं. मयुरीच्या बाळानं आल्या आल्या हेच पाहायचं का? म्हणून तिला नको म्हटलं. मला आनंद होत नाही त्यात.

वर्ध्याला येणार नाही. तू शिक्षणात लक्ष दे आणि वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद आहेतच,
कैलासकाका

वर्धा,
२० नोव्हेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटरवर अर्धा चेहरा घडवला की उरलेला अर्धा आपोआप तसाच होतो. ती सोय बंद करायला मी विसरले. नवखेपणा, दुसरं काय!

मग मातीकडे वळले. भावाचं नाक भावासारखंच असेल, म्हणून बाबांना समोर बसवलं. ते दर मिनिटाला मान वळवून चहाची चौकशी करत होते. मातीत चुकलं की माझा डावा हात अजून कॉम्प्युटरवरची चूक पुसायची कळ शोधतो आणि टेबल चिखलानं भरतं. शेवटी हुबेहूब बाबांचं नाक झालं, तेही शिंक येण्याच्या बेतातलं. मॅडम म्हणाल्या, माणूस समोर नसेल तर दोन्ही माती सारख्याच आंधळ्या. तुमच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीचं नाक घडवायचं, ते कॉम्प्युटरमध्ये घेऊन कडा बारीक करायच्या आणि मग रबरासारखं मऊ नाक ओतायचं. त्यासाठी चेहरा उघडा लागतो.

मयुरी फोनवर रडते, आणि मला माझ्याच हातांचा राग येतो. कशातच मन लागत नाही. या ना काका.

वाट पाहणारी,
सुरभी

हिंगणी,
१ डिसेंबर

चि. सुरभीस,
आशीर्वाद.

तुझ्या बहिणीनं निरोप धाडला आहे, की नाक असो की नसो, ती एसटीत बसून एकटी निघणार. पोटुशी पोर आणि तो रस्ता! तेव्हापासून घास उतरत नाही. हट्ट माझाच उचलला आहे तिनं.

दहा तारखेला पहिल्या गाडीनं येतो. हात तूच लावायचा. आणि रडायचं नाही, रडलीस तर उठून जाईन.

कैलासकाका

वर्धा,
२८ डिसेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

मी रडले नाही, हे काकूला आवर्जून सांगा.

बाबांबरोबर नाक पाठवते आहे. त्या दिवशी मी घडवलेलं नाक तुम्ही चाचपलंत आणि स्वतःच अंगठ्यानं डावीकडे ढकललंत, तेव्हा मातीत तुमच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या. कॉम्प्युटरवर त्या पुसून टाक, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी पुसल्या नाहीत. रंग मात्र तुमच्याहून गोरा झालाय, उन्हात हिंडून तुम्हीच त्याच्याहून काळे झालात असं समजा. घामानं गोंद सुटेल, तेव्हा जपा.

कसं बसलं ते कळवा. कळेपर्यंत माझा जीव टांगलेला आहे.

तुमची,
सुरभी

हिंगणी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभीस,
काका-काकूचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कान धरतो. मुलगी झाली हे तुला फोनवर कळलंच. नाक लावून दवाखान्यात गेलो होतो, कोणी वळून पाहिलं नाही. काकू म्हणाली, की आता तुमी तुमच्यासारखे दिसून राह्यले. शिकलीस हो तू.

आता परवाचं सांगतो. दुपारी घामानं कड सुटली, खाज सुटली, म्हणून नाक काढून कोनाड्यात ठेवलं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मयुरी न्हाणीत, काकू शेतात. उचललं आणि अंगणात नेलं. ते थांबेना, म्हणून गल्लीत नेलं. गावातला रूपराव भेटला, तूर काढायची गोष्ट निघाली. पुढे देवळाच्या पारावर बसलो, दोन बायांनी बाळाचं नाव विचारलं. बाळ माझी बोटं चोखत झोपलं. घरी आलो तर कोनाड्यात नाक.

तोवर मला आठवलंच नव्हतं, सुरभी. मी बाळाला घेऊन तसाच कोनाड्यासमोर उभा राहिलो. मयुरीनं मला पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, की बाबा, तिची मान धरा.

लोभ आहे तेवढा ठेव, आणि भाचीला पाहायला लवकर ये.

कैलासकाका