बाबांचा चष्मा फ्रिजवर

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण कळवणाऱ्यांतला तू नव्हेस.

आधी बातमी. तू सोडलेल्या आणि मी अजून धरून बसलेल्या आपल्या कंपनीने तुझं ‘शोध्या’ खुलं केलं. गोदामातली वस्तू कुठल्या फळीवर आहे ते सांगणारा तुझा प्रोग्राम आता कुणीही फुकट घ्यावा, वाचावा, बदलावा. एकाएकी एवढी दानत कुठून आली म्हणशील. त्यांनी गोदामांसाठी नवीन काहीतरी घेतलंय, आणि जुन्याची डागडुजी बाहेरच्यांनी केली तर हवीच आहे. धर्माची गाय, दात का गं नाय, असं मनात म्हणत आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाहेर सोडण्याआधीची साफसफाई माझ्याकडे होती. गुपितं, माणसांची नावं, सगळं काढायचं होतं. तुझं नाव काढायला सांगितलं तेव्हा साहेबांना म्हटलं, मग माझाही राजीनामा घ्या. ते राहिलं. पुढे चाचणीसाठी तू घातलेल्या नोंदी उघडल्या, तर आपलंच घर! ‘बाबांचा चष्मा : फ्रिजवर. ताईचा राग : नाकावर.’ मेल्या, तेही आता जगभर गेलंय. कंपनीच्या वकीलबाई हसून म्हणाल्या, यात गुपित काही नाही, राहू द्या.

तू नोकरी सोडलीस आणि स्वतःचंच काम दुसरीकडे दाखवता येईना म्हणून चिडलास, तेव्हा बाबा म्हणाले होते, “पगार घेतलास ना? मग काम त्यांचं.” त्याच दिवशी तू घर सोडलंस. तुला ते किती लागलं, मला माहीत आहे. बोलून गेल्यावर बाबांनाही लागलं. पण कबूल करतील तर ते बाबा कसले.

आता शोध्या मी घरी आणलंय. पूर्वी आणलं असतं तर नोकरी गेली असती. घरी कशाला, विचारशील.

इथवर लिहून चहा करून आले. लिहायचं टाळतच होते.

बाबा विसरायला लागलेत. चष्मा पूर्वीही विसरायचे. आता कधीकधी तो कशासाठी असतो तेच आठवत नाही. हे वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून मी शोध्यात घरातल्या वस्तू भरल्या, बोलून विचारायची सोय केली. बाबा विचारतात, औषधं कुठंयत. मोबाइल सांगतो, स्वयंपाकघर, निळा डबा. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून खूश असतात. हे तू केलंस म्हटल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

काल मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबांनी मोबाइलला विचारलं, “टिल्लू कुठंय?”

“नोंद सापडली नाही.”

त्यांना वाटलं, आपलंच बोलणं चुकलं. चष्मा लावून, शब्द सुटे करून पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग माझ्याकडे वळले.

“अगं, तो भरायचा राहिलाय. भर ना.”

मला रडू आवरेना. काय भरू, सांग. तुझ्या शहराचा पत्ता त्यांच्या काय कामाचा? हाताशी असलेलंच त्यांना सापडतं आता. अजून तुझं नाव आठवतंय, तोवर ये.

मी लिहून ठेवलंय, ‘टिल्लू : पुढची खोली, खिडकीजवळची खाट.’ नोंद खोटी ठरू देऊ नकोस.

नाकावरचा राग कधीच उतरलेली,
तुझी ताई