एरंडी मिस्त्री

अण्णा,

माझं सगळं कधी बदललं ते मला नेमकं सांगता येतं. धावपट्टीवर आपली गाडी धूर ओकत थांबली होती, तुम्ही हातात पाना घेऊन धोतर सावरत पळत आलात, भोवती हैदराबाद-मुंबईकडची ती शिकलेली माणसं उभी होती, आणि मी हेल्मेट जमिनीवर आपटून तुम्हाला म्हणालो, "तुमच्या त्या घाण्याच्या तेलानं घात केला." एवढं एकच वाक्य. त्याआधी मी तुमचा मुलगा होतो. त्यानंतर काय झालो ते आज या शेडमध्ये बसून शोधतो आहे.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं होतील. माय टेंभुर्णीला ताईकडे राहते, सणावाराला येते आणि दोन दिवसांत कंटाळून परत जाते. मी कापसाच्या जिनिंगच्या इंजिनघरात आहे, तुमच्याच जुन्या जागेवर, तुमच्याच स्टुलावर. आज सकाळी पंपाचं झाकण घासायला सपाट काच हवी होती म्हणून घरची शेड उघडली. तुमची ती जाड काच कोनाड्यात उभी होती, तशीच, पाठीला पोत्याचा तुकडा लावलेली. ती काढली आणि तिच्यामागे जे दिसलं त्यामुळे इंजिनघरात परत गेलोच नाही. त्याचं पुढे सांगतो. मला हल्ली एकदम काही सांगता येत नाही, कारण दिवसचे दिवस कुणाशी बोलणंच होत नाही.

गाडी आहे अजून. मडगार्डं नाहीत, समोरची काच नाही, चाकं विटांवर. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि गावचे जागीरदारसाहेब वाडा सोडून हैदराबादला निघाले तेव्हा ती त्यांनी तुम्हाला दिली. "मिस्त्री, इसको तुम रखो. हमारे पीछे इसको जंग लगेगी." दोन माणसांची, बिनटपाची, लाल. तुम्ही ती बैल लावून घरी आणली आणि माय दारात उभी राहून म्हणाली, "हिला कडबा किती लागतोय?"

मला वाटतं तुम्हाला ती गाडी पळवायची कधी हौस नव्हती. तुम्हाला ती बराबर करायची होती. पळवायची हौस माझी. औरंगाबादजवळच्या लढाईच्या काळातल्या धावपट्टीवर काही हौशी लोक डांबराची पिंपं मांडून गाड्या पळवतात, हे मी कॉलेजात ऐकलं आणि सुट्टीला आलो तो त्याच नादानं. तुम्ही म्हणालात, "आसं म्हन. मंग वजन कमी करावं लागंल." आणि दुसऱ्या दिवशी मडगार्डं उतरवलीत. पुढं सगळं तुमच्या डोक्यातून निघालं. याच काचेवर एमरीचा लेप लावून आपण इंजिनाचं हेड घासलं, इंग्रजी आठाचा आकडा काढल्यासारखं, अकरा दिवस, एक तास तुम्ही आणि एक तास मी. माझा हात एका बाजूला दाब द्यायचा. तुम्ही माझ्या मनगटाखाली एक बोट ठेवायचात. ते बोट मला आत्ताही जाणवतं.

आणि ती परात. जिनिंगच्या मोकळ्या मैदानात मी गाडी फिरवतो आहे, तुम्ही बाजूला मांडीवर पाण्यानं भरलेली परात घेऊन बसला आहात. मी डावीकडे वळवतो आणि सगळं पाणी तुमच्या अंगावर. कपाशीच्या गाड्यांवरचे लोक हसून राह्यलेत. एक जण ओरडून विचारतो, "मिस्त्री, गाडीला आंघूळ घालता का सोताला?" तुम्ही धोतर पिळत मला म्हणता, "पाह्यलंस? इंजिनातलं तेल बी वळनावर आसंच एका कडंला पळतंय. मंग पंपाला काय मिळंल? हवा." संध्याकाळी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तुम्ही तेलाच्या तळभांड्यात आडव्या पट्ट्या बसवल्यात. असं काही पुस्तकात लिहिलेलं असतं हे मला फार पुढे एका मासिकात दिसलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं.

मायच्या स्वयंपाकघरात तर आपण मर्यादाच सोडली होती. पिस्टनमध्ये पिन बसावी म्हणून ते उकळत्या पाण्यात तापवायचं, आणि घरात तेवढं मोठं पातेलं एकच. "भाजीच्या पातेल्यात लोखंड शिजवून राह्यले," माय म्हणाली. "उद्या वरनात नट टाका." तुम्ही चिमट्यानं पिस्टन उचललात, मी पिन सरकवली, ती अंगठ्याच्या नुसत्या दाबानं आत गेली, आणि तुम्ही मायकडे असं पाहिलंत की जणू तिनंच बसवली. ती पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं हसली.

तेल तर तिनंच केलं. जागीरदारांच्या सामानात शर्यतीच्या तेलाचा एक विलायती डबा होता, रिकामा. तुम्ही आत बोट फिरवलंत, वास घेतलात, जिभेला लावलंत. "ही तर एरंडी हाय. आपून कशाला विलायतेला जायचं?" त्याच सुट्टीत घाण्यावरून एरंडीचं तेल आलं. मायनं ते पाण्यात उकळायचं, वर येणारा चिकट फेस काढायचा, पुन्हा उकळायचं, धडक्यातून गाळायचं. दर खेपेला तुम्ही तिला बजावायचात, "लेकराला पाजायचं हाय आसं समजून कर."

"लेकरूच हाय की ते तुमचं," ती पुढच्या एका खेपेला म्हणाली. "ह्या पहिल्या लेकरानं कॉलेज सोडलं, निदान त्याला तरी सांभाळा."

हो, त्या खेपेपर्यंत मी कॉलेज सोडलं होतं. तुम्हाला मी प्रोफेसराशी भांडण झालं असं सांगितलं. भांडण झालं होतं, पण ते उकरून काढलेलं. खरं कारण माझ्या वर्गातली एक मुलगी, आपल्याच जालन्याची, कापडाच्या पेढीवाल्यांची. त्यांचे पणजोबा मारवाडातून आलेले. घरी मारवाडी बोलायची आणि वर्गात तिचं मराठी माझ्याहून चांगलं. आमचं बोलणं झालं ते मोजून चार वेळा. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या शर्टाला गोड वास कसला येतो?" मी म्हणालो, जळलेल्या एरंडीचा. ती म्हणाली, "गाडी एकदा गल्लीतून न्या की. पाहीन मी." चार महिन्यांनी तिला घरच्यांनी कॉलेजातून काढलं, आणि तीन आठवड्यांनी मीही पेटी उचलून घरी आलो. रागानं माझ्या डोक्यात नुसता जाळ होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तुम्ही दोन दिवस जिनिंगला गेलात आणि आलात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "सोडलं तं सोडलं. कानस धर हातात."

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी नरसाळं न पुसता एरंडी ओतायला गेलो, त्याला बाजारच्या साध्या इंजिन-तेलाचा ओशटपणा होता. तुम्ही ते नरसाळं हातातून हिसकून अंगणात भिरकावलंत. "ही दोन तेलं एकमेकाला धरत न्हाईत. दूध फाटल्यावानी होतंय, अन् त्या गाठी बारीक नळ्यात बसत्यात. कमी पडलं तं थांब. गाडी रस्त्यात सोड, पायी ये. पन दुसरं थेंबभर घालू नको. बिलकुल." मला ते तेव्हा अती वाटलं.

शर्यतीच्या दिवशी तुम्ही पहाटेच हत्यारं आणि एरंडीचा डबा घेऊन कपाशीच्या लॉरीत बसून पुढे गेलात. मी मागून गाडी घेऊन येणार होतो. सरळ यायचं होतं मला, अण्णा. मी तिच्या गल्लीत गेलो.

पेढीच्या घरासमोर गाडी उभी केली आणि इंजिन गरम करायच्या बहाण्यानं ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. सगळी गल्ली धुरानं भरली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वर एक खिडकी उघडत नाही. शेवटी त्यांचा मुनीम तोंडात दातण घेऊन ओट्यावर आला.

"कोन पाह्यजे?"

"कुणी नाही. गाडी गरम करतोय."

"मंग करा. घरी कोन्ही न्हाई. पंधरा दिस झाले, समदे लग्नाला मारवाडात गेले."

"कुणाचं लग्न?"

"आमच्या बाईचंच की," तो म्हणाला आणि थुंकला. "जरा धूर कमी करा, आत कपडा हाय."

मी रिकाम्या घरापुढे गाडी गरम करत होतो. तिथून निघालो तो कसा निघालो मला आठवत नाही. गावाबाहेर तेलाच्या दाबाचा काटा थरथरायला लागला, उतरून तेल मोजायची पट्टी काढली तर तेल खाली गेलेलं. तुमचा डबा लॉरीत. थांबायचं, पायी यायचं, सगळं पाठ होतं मला. पेट्रोलच्या दुकानातून साध्या तेलाचा डबा घेतला, अर्ध्याहून जास्त ओतला आणि डबा सीटमागे कोंबला. मला वाटलं होऊ दे काय व्हायचं ते. आणि तिथे पोचल्यावर तुम्ही विचारलंत, "तेल पाह्यलंस का?" तेव्हा म्हणालो, "बराबर आहे."

तीन फेऱ्या गाडी अशी पळाली की पिंपाजवळ उभा असलेला एक डॉक्टर टोपी हलवायला लागला. चौथ्या फेरीला काटा पडला, खालून ठोकल्यासारखा आवाज आला आणि कनेक्टिंग रॉड इंजिन फोडून बाहेर. फौजेतल्या एका कॅप्टननं तुम्हाला कुठलं तेल वापरता ते विचारलं. तुम्ही अभिमानानं सांगितलंत, घरची एरंडी. "अरे मिस्त्री, इंजिन को जुलाब दे दिया तुमने," तो म्हणाला, आणि ते सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी काही सांगायचं तर गल्लीचंही सांगावं लागलं असतं, मुनीमाचंही, त्या लग्नाचंही. मी ते वाक्य बोललो.

तुम्ही म्हणालात, "व्हय. माझंच चुकलं आसंल," आणि वाकून रॉडचे तुकडे गोळा करायला लागलात.

परत येताना गाडी दोरांनी बांधून लॉरीवर घातली होती. आपण कपाशीच्या गठ्ठ्यांवर बसलो होतो, उन्हं अजून होती. बदनापूर गेल्यावर तुम्ही रस्त्याकडे पाहत म्हणालात, "चांगल्या घरी पडली म्हनतात पोरगी."

"कोण पोरगी?" मी अंगावर आलो.

"कोन्ही न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि गाडीचे दोर आवळायला लागलात. मला वाटलं, तुम्ही भलत्याच कुणाबद्दल बोलताय. खरंच तसं वाटून घेतलं मी.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तुम्ही तळभांडं उतरवून घासून लख्ख केलं होतंत. मग शेडला कुलूप. जुलाबाची गोष्ट आपल्याआधी जिनिंगमध्ये पोचली होती. तुमचं नाव एरंडी मिस्त्री पडलं. नवं डिझेल इंजिन आलं तेव्हा जिनिंगचे मालक शेठजी सगळ्यांसमोर म्हणाले, "याला काय पाजाल, मिस्त्री?" आणि इंजिन दुसऱ्याच्या हवाली करून तुम्हाला विहिरीच्या पंपावर बसवलं. वीस वर्षं ज्या माणसानं नुसता तळहात ठेवून बेअरिंगचा ताप सांगितला, तो दिवसभर विहिरीत पाहत बसायचा. मी जेवणाचा डबा घेऊन यायचो, तुम्ही दोन घास खाऊन उरलेलं मला द्यायचात. दीड वर्षात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात.

आता त्या कोनाड्याचं. काचेमागे तो डबा होता. मी सीटमागे कोंबलेला, साध्या तेलाचा, तोच, झाकणाला माझ्या स्क्रू-ड्रायव्हरची खोक. आणि डब्यात उभी करून ठेवलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, बुचाला मेण. खाली मधासारखी एरंडी, वर काळसर तेल, मध्ये साईसारखा फाटलेला थर. त्या पहाटे तळभांड्यातून तुम्ही भरली असणार. मी ती हलवली, खाली ठेवली. थोड्या वेळानं दोन्ही तेलं पुन्हा आपापल्या जागी गेली.

म्हणजे विहिरीवर बसलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. ही बाटली उचलून शेठजींपुढे ठेवली असती तर संपलं असतं सगळं. तुम्ही ती फेकलीही नाही आणि दाखवलीही नाही. कोनाड्यात ठेवलीत, काचेमागे, जिथे माझ्याशिवाय कुणी हात घालणार नव्हतं. मी सहा वर्षं घातला नाही.

एवढंच लिहायला बसलो होतो, पण एक राहिलं. काल चहाच्या सुट्टीत आमच्या वायरमननं नव्या फिटरला तुमची गोष्ट सांगितली. त्याला ती रंगवून सांगता येते, जुलाबाशी आल्यावर तो पोट धरून दाखवतो. सगळे हसले. मीही हसलो, अण्णा. दर वेळी हसतो. न हसलो तर कुणीतरी विचारील म्हणून.

तीनचा भोंगा झाला. आता चहाला सगळे इंजिनघराच्या पायरीवर जमले असतील, वायरमनही. हा कागद घडी करून कोनाड्यात ठेवतो, बाटलीच्या जागी. बाटली आणि डबा मी त्या पायरीकडे घेऊन निघालो आहे. बाहेर पडतो आणि दार लावतो.